वांचलेले तास

कोंकणाला मुंबईचा पैसा नवा नाहीं. गिरण्यांच्या काळांत चाकरमानी गिरणगांवांत राही आणि त्याची मनीऑर्डर मालवण-वेंगुर्ल्याकडे जाई; तो स्वतः मात्र गणपतीपुरता येई. गांवाला पैसा मिळाला, माणूस मिळाला नाहीं.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली, उपनगरी गाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या, आणि अंधेरी-बोरिवलीच्या कित्येक तरुणांनीं गांवच्या ओटीवर संगणक मांडून मुंबईची नोकरी चालविली. कांहीं जण तेथेंच राहिले. आतां प्रश्न असा कीं, हा परतलेला माणूस गांवाचें काय देणें लागतो?

कोणी म्हणेल, तो तेथें पैसा खर्चितो, तेवढें पुरे. पण तेवढें तर मनीऑर्डरही करीत होती. देहानें गांवीं आणि चित्तानें अहोरात्र शहरीं असलेला मनुष्य समुद्रकांठचा पाहुणाच होय. जुन्या चाकरमान्याला इच्छा असूनही जें देतां आलें नाहीं, तें याच्या हातीं आहे: ग्रामसभेंतली हजेरी, आजारी शेजाऱ्याची विचारपूस, शाळेंतल्या मुलांसाठीं एखादा तास. मालकाचे तास मालकाला द्यावेत, हें योग्यच. परंतु लोकलच्या प्रवासांतले जे दोन-तीन तास वांचले, त्यांवर पहिला हक्क गांवाचा आहे, असें मला वाटतें.