मुलीचा वाटा आणि चर्चचा वाटा



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस घरचे भांडण घेऊन प्रभू येशूकडे येतो. माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा, एवढीच त्याची विनंती आहे. प्रभू न्यायनिवाडा करायला साफ नकार देतो. हा उतारा वाचला की काहींना हायसे वाटते. प्रभूनेच जमीनजुमल्यात लक्ष घातले नाही, मग फादरांनी कशाला घालावे? पण पुढे वाचा. लगेच त्या धनवान शेतकऱ्याचा दाखला येतो, जो मोठी कोठारे बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. देव त्याला काय विचारतो? साठवलेले हे सारे आता कोणाचे होणार? कोठारांचा हिशेब त्याच्याजवळ तयार होता, या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते.

आपल्यापैकी अनेकांजवळही ते नाही. वसईच्या वाडीतल्या गुंठ्याला आज जो भाव आहे, तो आपल्या आजोबांना थट्टा वाटली असती. बाप काही न लिहिता जातो आणि मग एकाच बापाच्या पुण्यस्मरणाच्या दोन वेगवेगळ्या मिस्सा दोन भाऊ नोंदवतात. एकाची सकाळी, दुसऱ्याची संध्याकाळी. बहिणीला तर दोन्हीकडे संकोचाने बसावे लागते.

कायदा काय सांगतो ते माहीत असू द्या. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, त्यात मुलगा आणि मुलगी अगदी समान. पत्नी आधी गेली तर तिच्या मालमत्तेत पतीचा हिस्साही एवढाच. मूलबाळ नसेल तर पत्नीला निम्मे, बाकीचे नवऱ्याच्या वडिलांना. वडील हयात नसतील तर आई आणि भावंडांना. अनेक विधवांना हे नवऱ्याच्या मृत्यूनंतरच कळते.

“तिला लग्नात सोने घातले, तिचा वाटा तिथेच संपला,” हे वाक्य आपल्याकडे बापाच्या सातव्या दिवशीच ऐकू येते. त्याच कायद्याचे ४९ वे कलम नेमके याच्या उलट सांगते. मृत्युपत्र नसेल तर वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिले, ते वाटा ठरवताना हिशेबात धरायचे नाही. मुलाच्या शिक्षणाचा आणि दुकानाच्या भांडवलाचा हिशेब तरी कोण धरतो?

केरळच्या मेरी रॉय यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्याकडे त्रावणकोरचा जुना कायदा दाखवला जाई. त्यानुसार मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये समान वाटा सिद्ध झाला. पण सलाफहादाच्या पाच मुली त्यांच्याही कितीतरी आधी मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या (गणना २७), आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे असा निवाडा स्वतः परमेश्वराने दिला. आपल्याकडे मात्र बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात. तिने समजून, मनापासून सोडले तर तो तिचा मोठेपणा. माहेर तुटेल या भीतीने सही केली तर ती देणगी म्हणता येत नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचे आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र आपल्या बाबतीत लग्नाने रद्द होते, हे तरुणांनी आणि पुनर्विवाह करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पत्नीला हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहा. घरात विशेष मूल असेल तर नुसता वाटा लिहून भागत नाही; त्याच्यासाठी ट्रस्ट करून विश्वासू माणसे नेमावी, आणि त्यासाठी चांगला वकील गाठावा. गोव्यात मालमत्ता असेल तर तिथला कायदा वेगळा. तिथे मुलांचा निम्मा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढता येत नाही.

आणि जिवंतपणी सारे मुलांच्या नावावर करून मोकळे होऊ नका. सिराखच्या तेहेतिसाव्या अध्यायात हाच सल्ला आहे: अंगात श्वास आहे तोवर आपली सत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये. बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही, मृत्युपत्र मात्र शुद्ध असेतोवर बदलता येते. आपल्या सिस्टर्स अखेरच्या व्रतांपूर्वी मृत्युपत्र करतात, चर्चच्या कायद्याचा तसा नियमच आहे. ज्यांनी दारिद्र्याचे व्रत घ्यायचे त्यांना ते लागते, तर तीन खोल्या आणि विहीर असलेल्याला का नको?

आता चर्चविषयी. पूर्वी आपल्या कायद्यात ११८ वे कलम होते. जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने काही द्यायचे तर ते मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले लागे. एका कॅथलिक धर्मगुरूंनी, फादर जॉन वल्लमट्टम यांनी, त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. वाट मोकळी झाली, म्हणून आमची जबाबदारी वाढली. संत ऑगस्टीन यांच्या मठातला यानुआरियुस नावाचा धर्मगुरू मरताना मुलगा आणि मुलगी या दोघांना डावलून सारे चर्चला देऊन गेला. ऑगस्टीन यांनी ते घेतले नाही, आणि आपल्या लोकांना प्रवचनातून तसे उघड सांगितले. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, असे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकलो. वर्गात ते सोपे वाटायचे, सातबाऱ्यापुढे अवघड होते. दान न्यायानंतर येते, त्याच्या जागी येत नाही.

आपल्या धर्मग्रामातही हाच नियम राहील. घंटेसाठी, बाकांसाठी, गरीब विद्यार्थ्यांसाठी कोणाला काही लिहून ठेवायचे असेल तर आनंद आहे. पण आधी पत्नीला आणि मुलामुलींना विश्वासात घ्या. मुलीला वगळून चर्चला दिलेली जमीन आम्ही स्वीकारणार नाही, मग ती कितीही मोक्याची असो. आणि चर्चला काही देणारे मृत्युपत्र असेल तर साक्षीदार म्हणून माझी सही मागू नका. शेजारचे दोन जाणते लोक बोलवा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू