चाकांचं धनुष्य आणि बांबूचा कामठा

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम सामन्यात १४९-१४८ असं हरवलं. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. आमच्या गोष्टीतल्या पोराला कंपाऊंड धनुष्याचं वेड लागलं ते त्या दिवसापासून. बापानं सोयाबीनचे पैसे आणि वर पतसंस्थेचं कर्ज घालून ते घेऊन दिलं. दोन्ही टोकांना चाकं, पुढे भिंग, मनगटाला दोरी सोडणारं रिलीज. पन्नास मीटरवर तो दहावर दहा मारी आणि शेजारी बांबूचं धनुष्य ओढणाऱ्या नवख्यांना ‘काठीवाले’ म्हणे.

त्याचं दुखणं एकच, शेवटचा बाण. सामन्यात एका बाणाला वीस सेकंद मिळतात. गुण बरोबरीत आले की तो ओढून धरी, भिंगातला ठिपका पिवळ्यावर फिरत राही, बोट अडखळे आणि लागे आठ. कधी सातही.

होळीला त्याच्या खोलीतला भिलाला मित्र त्याला जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावी घेऊन गेला. तिथे आज्याच्या भिंतीवर तीरकामठा टांगलेला. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आली, म्हणून म्हातारा आता केळीच्या खांबावर हात चालवून घेई. कामठा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच सालीची.

पोरानं सवयीनं ओढलं, हनुवटीशी आणून धरलं आणि नेम शोधू लागला. कंपाऊंडची चाकं फिरली की ओढीचा बहुतेक भार उतरतो, म्हणून धरून थांबता येतं. बांबूचं उलटं, जितकं ओढावं तितका भार चढतो. हात लटपटले आणि बाण थेट उकिरड्यात गेला.

‘‘काहून थांबला रे?’’

‘‘नेम धरत होतो, आजोबा.’’

‘‘थो ओढायच्या आंधी धरायचा. ओढल्यावर कोणी इचार करते का?’’

म्हातारा खांबाकडे बराच वेळ बघत राहिला. मग ओढणं आणि सोडणं एकाच दमात झालं.

आता तो चाकांच्या धनुष्याला नावं ठेवील असं वाटलं असेल, तर तसं झालं नाही. (बोधकथांतले म्हातारे उगाच फार लवकर नाक मुरडतात.) त्यानं ते मागून घेतलं. ‘‘बाण लावल्याबिगर सोडू नका!’’ पोरगा ओरडला. ‘‘हे मले सांगतं?’’ म्हातारा म्हणाला. रिकामी दोरी सोडली की धनुष्य मोडू शकतं, हे त्याला पोराच्या बापाच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. दुखऱ्या खांद्यानं त्यानं हळूहळू ओढलं, मध्येच भार उतरला आणि तो मोठ्यानं हसला. ‘‘हे तं म्हाताऱ्यासाठीच केलं, बाप्पा!’’ संध्याकाळपर्यंत त्यानं ते पोराच्या हाती परत दिलं नाही.

निघताना पोरानं एक कामठा मागून आणला. कंपाऊंडची दोरी महिनोन्‌महिने चढलेलीच असते, तशीच यालाही ठेवली. काही दिवसांत बांबूला बाक बसला, ओढ मेली. फोनवर म्हाताऱ्यानं खरपूस समाचार घेतला आणि दुसरा कामठा धाडला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोरी उतरू लागली, आणि रोज सकाळी आधी कामठा, मग कंपाऊंड असा क्रम पडला. तो आता ओळीवर नुसता उभा राहून आधी बघतो, ठरवतो आणि मगच हात उचलतो. सरावाला आलेल्या ‘काठीवाल्यां’च्या पट्ट्यात त्याला जागा मागावी लागते, आणि ते ती सहजासहजी देत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे.

पुढच्या सामन्यात शेवटच्या बाणाला नऊ लागला. एका गुणानं तो हरला, पण बोट अडखळलं नव्हतं.

राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा बांबूच्या धनुष्याचा वेगळा गट आजही आहे. पोराला कंपाऊंड हवं असेल तर जरूर घेऊन द्या. मात्र कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक सकाळ त्याला बांबूवाल्यांच्या पट्ट्यात उभं करा, आणि जमलं तर स्वतःही उभे राहा.