नाव विचारणारे

नांदुरा तालुक्यातल्या एका गावात एका सुनेच्या अंगात येऊ लागलं. नवरा जाऊन वर्ष झालेलं, डोळ्याला डोळा लागत नव्हता. सासूनं तिला राजूरचा घाट चढून सैलानीला नेलं. पिंपळगाव सराईच्या या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते. दूरदूरचे दुखणाईत येतात. तिथल्या गर्दीत एका भगतानं तिचे केस धरले. “कोन हायेस तू? नाव सांग!” ती घुमली, तिनं एक नाव सांगितलं. “अजून कोन?” दुसरं आलं. घरी परतेपर्यंत तीन झाली.

पुण्यात मानसशास्त्र शिकणारा धाकटा दीर सुट्टीत आला. “भूतबीत काही नसतं. हे बहुव्यक्तिमत्त्व आहे,” म्हणत तो वही घेऊन बसला. “वहिनी, आत आणखी कोण आहे? तिला बोलू दे.” सुट्टी संपेस्तोवर वहीत सात नावं झाली.

वही घेऊन तो वहिनीसह बुलढाण्याला एका वयस्कर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. ते म्हणाले, “अमेरिकेत १९७३ साली ‘सिबिल’ नावाचं पुस्तक आलं. एका बाईत सोळा व्यक्तिमत्त्वं! त्यानंतर तिकडे असे रुग्ण भराभर सापडू लागले. १९८० साली या निदानाला तिथल्या अधिकृत यादीत जागा मिळाली. पण खुद्द त्या बाईनं, शर्ली मेसननं, १९५८ मध्येच आपल्या डॉक्टरला लिहिलं होतं, की हे सगळं खोटं आहे. डॉक्टरला ते पटलं नाही. १९९४ साली निदानाचं नाव बदललं, वाद मात्र मिटला नाही.”

“म्हणजे वहिनी सोंग करते?”

“त्रास खरा आहे रे. भगताला भुतं हवी होती, तुला व्यक्तिमत्त्वं. गांजलेलं माणूस विचारणाऱ्याला हवं तेच देतं.”

वही बाजूला सारून ते तिच्याकडे वळले. “माय, तुले काय होते?”

बराच वेळ ती गप्प राहिली. “मले झोप येत नाही. मोठ्या भासऱ्यानं सातबाऱ्यावर आपलंच नाव चढवलं. लेकरू घेऊन कुठं जाऊ?”

डॉक्टरांनी उपचार सुरू केले. दिरानं तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, तोवर घुमणंही थांबलं होतं.

तात्पर्य : भगत असो की पदवीधर, दुखणाइताला आधी त्याचं दुखणं विचारावं, उत्तर आपल्या पोतडीतून काढून त्याच्या तोंडी घालू नये.