कुंकळ्ळीचे रक्तसाक्षी आणि एक प्रश्न

परभणी जिल्ह्यातील चुडावा येथे एका ख्रिस्ती कुटुंबाच्या ओसरीवर आम्ही कुंकळ्ळीच्या रक्तसाक्षींची हकीकत सांगत होतो. शेजारचे एक वृद्ध हिंदू गृहस्थही ऐकावयास बसले होते. शेवटी त्यांनी शांतपणे विचारले, “पण फादर, त्या लोकांना एवढा राग कशाचा आला होता?”

त्याचे उत्तर आम्ही कथनातून वगळले होते.

२५ जुलै १५८३ रोजी गोव्यातील साष्टी प्रांतात, कुंकळ्ळी येथे, फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. अकबराच्या दरबारी तीन वर्षे राहून नुकतेच परतलेले फादर रुदोल्फ तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. चर्चसाठी जागा पाहावयास ते गेले होते. परंतु त्याआधी पोर्तुगीज सैन्याने तेथील देवळे उद्ध्वस्त केली होती आणि या पाचांपैकी फादर पाशेको व फादर बेर्नो त्या मोहिमांबरोबर होते. गावकऱ्यांना क्रूस आणि तोफ एकाच हातात दिसली, यात नवल ते काय? पुढे वाटाघाटीच्या मिषाने सोळा गावप्रमुखांना असोळणा येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी चौकशीविना ठार केले. एकटाच निसटला, असे सांगतात.

मग या पाचांना रक्तसाक्षी म्हणावे काय? संत ऑगस्टीन यांच्या मते रक्तसाक्षी ठरतो तो यातनांमुळे नव्हे, तर त्या ज्यासाठी सोसल्या त्या कारणामुळे. येथे तर श्रद्धेचा द्वेष आणि सत्तेविषयीचा संताप एकमेकांत गुंतलेले. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी पाचांना धन्य घोषित केले. तो निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. मात्र त्यांच्या साक्षीचा गाभा आम्हांस एका क्षणात दिसतो. हल्ला होताच सोबतच्या एका पोर्तुगीजाने बंदूक सरसावली. आपण लढावयास आलेलो नाही, असे सांगून फादर पाशेको यांनी त्याला रोखले. तोफेच्या सावलीत फिरलेल्या माणसाने मरणसमयी बंदुकीचा आसरा नाकारला!

देवळांची गोष्ट सांगितल्यास ही साक्ष उणावेल, असे काही धर्मबंधूंना वाटते. सत्याच्या नावाने झालेल्या अन्यायांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीर क्षमायाचना केली; खेड्यातल्या धर्मगुरूने मग का कचरावे?

पुढच्या खेपेस आम्ही हकीकत देवळांपासून आरंभिली व असोळण्यापर्यंत नेली. वृद्ध गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या गावप्रमुखांची नावे विचारली. आमच्याजवळ पाचच नावे होती.