रविवारी कार्बुरेटर उघडावा का?

गाससारख्या वसईतल्या ख्रिस्ती गावात रविवार म्हणजे आधी मिस्सा आणि मग घरातली राहून गेलेली कामं. अंगणात जुना पेट्रोल ट्रक उभा असेल आणि तो आठवडाभर मिसिंग मारत असेल, तर दुपारी बॉनेट उघडणारच. प्रभूच्या दिवशी हात काळे करावेत का, हा प्रश्न मात्र त्या ट्रकपेक्षा फार जुना आहे.

असा ट्रक आता विरळाच. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि डिझेल इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर लागतच नाही. त्यामुळे जाणता मेकॅनिकही चटकन सापडत नाही. मालकालाच पाना घेऊन बसावं लागतं.

मार्च ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारची सुट्टी कायद्यात आणली. न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी विश्रांती घ्यावी, कारागिरांची दुकानं बंद राहावीत. शेतकऱ्याला तेवढी मोकळीक होती, कारण पेरणीची वेळ टळली की हंगाम हातचा जातो. वाडीतली फुलं आणि भाजी वाहणारा ट्रक या कायद्यात कुठे बसवायचा? माल शेतकऱ्याचा, पण पाना कारागिराचा.

पुढे चर्चने कामांची प्रतवारीच लावली. १९१७ च्या कॅनन कायद्याने रविवारी ‘दास्यकर्म’ मना केलं. रूढ अर्थाने ती अंगमेहनत. लिहिणं, वाचणं, शिकवणं चालायचं; नांगरणं, खणणं नाही. म्हणजे कारकुनाने दुपारभर पत्रं लिहिली तर दोष नाही, आणि शेजाऱ्याने कार्बुरेटरचा जेट साफ केला तर तो पापाचा धनी! हाताला लेखणीपेक्षा खाली बसवणारी ही उतरंड मराठी वाचकाला अनोळखी नाही.

१९८३ च्या नव्या कॅनन कायद्यातून ‘दास्यकर्म’ हा शब्द गेला. उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या, तना-मनाच्या विसाव्याच्या आड येईल ते काम टाळावं, अशी कसोटी आली. मे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांचं रविवारविषयीचं पत्र निघालं. विसाव्यासोबत गरीब आणि आजारी माणसांचीही आठवण ठेवा, असं त्यात सांगितलं होतं.

आता ही कसोटी कार्बुरेटरला लावून पाहू. पेट्रोल साठणारा बाऊल काढला की तळाशी पिवळट चिकटा दिसतो; सुकलेल्या पेट्रोलचा तो थर जेटच्या बारीक छिद्रातही बसतो. तार घालण्याचा मोह होतो, पण पितळ मऊ असतं. छिद्र जरा रुंदावलं की पेट्रोल जास्त जाऊ लागतं. म्हणून हवा मारायची. बाऊलमधला पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहायचं. त्याला भोक असेल तर आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो, पेट्रोल अडवणारी नीडल बसत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते. ज्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो आणि पेट्रोल ओढलं जातं, त्याला नाव मिळालं ते व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाचं, आणि तो स्वतः धर्मगुरू होता. शेवटी आयडलिंगचा स्क्रू जरा जरा फिरवत इंजिनाचा आवाज ऐकत राहायचं. घाई नसलेल्या माणसाला यात छान विसावा मिळतो. पण पहाटे माल दादरला पोचवायचा आहे, भाडं ठरलं आहे, या धास्तीने तोच स्क्रू फिरवणारा माणूस खरोखरच दास्यात असतो.

हे मालकाचं झालं. पण दुसऱ्यासाठी राबणाऱ्याच्या रविवारचं काय? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. बायबलमधल्या जुन्या आज्ञेतही विश्रांती घरधन्यापुरती नाही. ती नोकराला, परक्याला, अगदी बैलालाही आहे. स्वतःचे हात स्वच्छ ठेवून नालासोपाऱ्याहून मेकॅनिक बोलावणारा भाविक नियम पाळतो खरा, पण मेकॅनिकचा रविवार खर्चून. त्यापेक्षा घरी स्वतः पाना धरणारा त्या आज्ञेच्या अधिक जवळ जातो.

अर्थात मेकॅनिक मुसलमान असेल आणि त्याचं गॅरेज शुक्रवारी बंद राहत असेल, तर हिशेब पुन्हा फिरतो. मग त्याला सोमवारी यायला सांगणं म्हणजे त्याच्या एका दिवसाच्या मजुरीवर आपला रविवार पाळणं.