वाट पाहण्याची मजुरी

कामाचा दिवस किती तासांचा, असं विचारलं तर आपण चटकन ८ म्हणतो. त्या ८ तासांमागे मोठा झगडा आहे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी दिवस सूर्याच्या हिशेबाने चाले: उजाडलं की साचे सुरू, अंधारलं की बंद. विजेने ती मर्यादाही पुसली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही गिरण्यांत कामगार चौदा-चौदा तास साच्यांपुढे उभे राहू लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने ११ वर, १९३४ च्या कायद्याने १० वर. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४८ तासांच्या आठवड्याचा आग्रह धरला. ती तरतूद १९४६ साली कायद्यात आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती कायम केली.

हा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. मात्र या सगळ्या कायद्यांनी एक फाटक गृहीत धरलं होतं. फाटकातून आत गेलं की काम सुरू, बाहेर पडलं की संपलं. महाराष्ट्रातली असंख्य कष्टकरी माणसं अशा कुठल्याच फाटकाच्या आत काम करत नाहीत. त्यांचा दिवस बारकाईने पाहिला की वेगळा प्रश्न समोर येतो: कामासाठी ताटकळण्यात जो वेळ जातो, तो कोणाच्या खात्यावर टाकायचा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घर सोडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीन-चारला उठते, कोपीपुढच्या चुलीवर दिवसभराच्या भाकऱ्या थापते, पाणी भरते आणि उजाडायच्या आत दोघं फडात पोचतात. बुडाशी घाव घालायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची. दुपार कलेपर्यंत ऊस तोडून होतो आणि मग गाडीची वाट पाहणं सुरू होतं. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली असली, तर ट्रक संध्याकाळी येतो, कधी मध्यरात्री. तोवर फड सोडता येत नाही. ट्रक आला की मोळी डोक्यावर घेऊन, तिरप्या लावलेल्या फळीवर तोल सांभाळत वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. लेकरू तिथेच पाचटावर झोपलेलं असतं. गाडी भरून कोपीवर परतलं की पुढची पहाट दोन-तीन तासांवर आलेली असते.

मजुरी टनावर मिळते. गाडीची वाट पाहण्यात गेलेले पाच-सहा तास वजनकाट्यावर उमटत नाहीत. पहाटेची चूलही उमटत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामाला, ते करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७. फडातल्या बाईच्या बाबतीत ही मिनिटं झोपेतून वजा होतात. त्यात मजुराने आजारपणात एक दिवस बुडवला तर त्याचा खाडा धरून पैसे कापले जातात. गाडी वेळेवर आली नाही, तर मात्र त्याचा खाडा कुणाच्या नावावर धरत नाहीत. एकाच फडात थांबण्याचे दोन भाव चालतात आणि दोन्ही मजुराच्याच अंगावर पडतात.

आशा ताईंचा दिवस वरवर पाहता अगदी निराळा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ही फळी उभी राहिली. आता दरमहा काही ठरावीक रक्कम मिळते, तरी मोबदल्याचा बराच भाग कामागणिक मिळतो. रात्री दोनला फोन वाजतो. गाडी बोलवायची, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं आणि प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं. बाळ दोन तासांत येवो की दुसऱ्या दिवशी, त्या केसचे पैसे तेवढेच. त्या बाकड्यावरची तिची हजेरी घाबरलेल्या पोरीला केवढा धीर देते, हे बाळंतपणाला सोबत गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तो धीर कुठल्याच रकान्यात बसत नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी सातपासून उभा असलेला गवंडी आणि हॉटेलच्या दारात पार्सलसाठी ताटकळणारा डिलिव्हरीवाला याच रांगेत आहेत.

कायद्याला हे कधी कळलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सांगितलं होतं की मालकानेच काम दिलं नाही म्हणून दिवस अपुरा भरला, तर सर्वसाधारणपणे मजूर पूर्ण दिवसाच्या वेतनाला पात्र राहील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने तर थांबण्याचं मापही काढलं: गाडी शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटांपेक्षा कमी उभी असेल, तर तो वेळ कामाच्या तासांत धरायचा. तत्त्व मान्य झालेलं आहे. ते वजनकाट्यापर्यंत आणि दवाखान्यातल्या बाकड्यापर्यंत पोचलेलं नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. अंगावरचं काम आहे, जेवढं कराल तेवढं मिळेल, माणूस आपल्या मर्जीचा धनी आहे. ही मर्जी खरी असती तर मजूर दुपारी दोनला फडातून उठून कोपीवर जाऊन झोपला असता. त्याला जाता येत नाही, कारण गाडी केव्हा येईल हे ठरवणं त्याच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे, त्यांना उशिराची किंमत मोजावी लागत नाही. आणि जे फुकट मिळतं, ते जपून वापरण्याची गरज कुणालाच वाटत नाही. म्हणून रांगा लांबतात, खेपा चुकतात आणि त्या सगळ्या ढिसाळपणाचा भार शेवटच्या माणसाच्या झोपेवर येतो. या तासांना भाव लागला, तर तोडणीचा कार्यक्रम आपोआप शिस्तीत येईल.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. त्यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण हा उलटा प्रवास आहे. पण त्या वादात, फाटकाबाहेर अनेकांचा दिवस याआधीच १२ तासांच्या पुढे गेला आहे, हे कितीजणांनी बोलून दाखवलं?

मागणी अवघड नाही. तोड संपल्याची वेळ आणि गाडी आल्याची वेळ वजनाच्या पावतीवर लिहावी, तासाभराच्या वर झालेल्या खोळंब्याचा दर ठरवावा. आशांच्या मोबदल्यात रात्रीच्या तासांचा हिशेब यावा. डिलिव्हरीवाल्याचा हॉटेलच्या दारातला वेळ ॲपने मोजावा. तो ॲपला आजही दिसतोच. रेल्वेची वाघीण ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकवून ठेवली तर दंड भरावा लागतो, ट्रक खोळंबला तर मालक हॉल्टिंग लावतो. लोखंडाच्या थांबण्याला आपण किंमत दिली आहे. माणसाच्या थांबण्याला ती मिळेपर्यंत ८ तासांची लढाई अर्धीच जिंकलेली आहे.