देणाऱ्याचं नाव

डोणगावात माझी थोरली मावसबहीण राहते. तिला मी आक्का म्हणतो. गावातल्या एका बचत गटाचे हिशेब तीच लिहिते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये दरमहा तिच्या खात्यात येतात, आणि ही योजना ज्या पद्धतीनं आणली गेली ती पद्धत राज्याच्या तिजोरीला आणि खुद्द बहिणींनाही घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवाळीत गेलो तेव्हा यावरून आमचं जुंपलं. तिची बाजू जिथं माझ्यापेक्षा भारी पडली, तिथंही ती जशीच्या तशी लिहिली आहे.

मी : मार्च 2025 मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट 45,891 कोटी धरली आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा चालू खर्चसुद्धा उत्पन्नात भागत नाही, त्यासाठी उसनवारी करावी लागते. एकूण कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज आहे. त्यात तुमच्या योजनेला 36,000 कोटी. हे कोण फेडणार, एवढंच मी विचारतो.

आक्का : आमच्यासाठी छत्तीस हजार, तूट जवळपास शेहेचाळीस हजार. उद्या आमची योजना पुरती बंद केली, तरी दहा हजार कोटींचं भगदाड उरतेच. ते कोणाचं? त्याचं नाव काऊन कोणी घेत नाई?

मी : मी घेतो. जून 2024 च्या अखेरीस अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि दोन आठवड्यांच्या आत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. आधी न सुचलेल्या, अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी घटनेनं ही वाट ठेवली आहे. पंधरा दिवसांत असं काय उद्भवलं होतं? त्यातले 25,000 कोटी तुमच्याच योजनेचे होते. योजना जाहीर करताना तरतूद पूर्ण दाखवायची नाही आणि मग मागच्या दारानं आणायची, हा सभागृहाचा अपमान आहे.

आक्का : समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर तालुक्यातून गेला. 701 किलोमीटर, 55 हजार कोटी, त्यातलेही बरेच कर्ज काढूनच. तवा तू मले येऊन विचारलं नाई, की आक्का, हे कोण फेडणार.

मी : तो भांडवली खर्च आहे. रस्ता उरतो, टोल येतो, व्यापार वाढतो. चालू खर्चासाठी काढलेल्या कर्जातून मागे काही उरत नाही.

आक्का : रस्ता डोळ्याले दिसते म्हणून ते भांडवल. नातीच्या पोटात गेलेलं दूध दिसत नाई म्हणून तो खर्च. हे कोणी ठरवलं? आणि त्या रस्त्यावर दुचाकीले बंदी हाय, तुले माहीत हाय ना? आमच्या घरी दुचाकीच हाय.

यावर मला उत्तर सुचलं नाही. महसुली आणि भांडवली ही विभागणी हिशेबाच्या सोयीची आहे. माणसाच्या अंगात मुरलेलं अन्न आणि शिक्षण ती मोजत नाही, हे खरंच आहे. पण माझा मूळ आक्षेप या विभागणीवर उभा नव्हता, म्हणून मी तो दुसऱ्या टोकानं मांडला.

मी : बरं, पैसे द्यावेत. पण कसे द्यावेत याचा नमुना याच महाराष्ट्रात आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, 1977 मध्ये कायदा झाला. आणि त्याआधीच, 1975 मध्ये, नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची आणि ती खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी. देणाऱ्याचं नाव लिहिलं, घेणाऱ्याचा हक्क लिहिला. मला जबाबदार अर्थकारण म्हणायचंय ते हेच. नुसती काटकसर नव्हे.

आक्का : मावशी, म्हणजे तुही आई, आणि माही आई, दोघी त्याच कामावर खडी फोडायले जात होत्या. मजुरी कवा भेटे, सांगितलं नाई तुले तिनं? हप्ते उलटून जायचे. देणाऱ्याचं नाव कागदावर होतं, घरात पीठ नव्हतं. हे दीड हजार सरळ खात्यात येते. मधात मुकादम नाई, मस्टर नाई.

मी : पण ती मजुरी मागायला त्यांच्या हातात कायदा होता. तुझ्या हातात काय आहे? 28 जून 2024 चा एक शासन निर्णय. तो दुसऱ्या शासन निर्णयानं बदलता येतो. निवडणुकीआधी फारशी छाननी न करता अर्ज मंजूर केले आणि 2025 च्या जूनपासून सुमारे 26 लाख जणींचे पैसे थांबवले. त्यात अपात्र होत्याच, पण कोणाचं नाव का गेलं हे कोणाला नीट कळलं? निवडून आलो तर दरमहा 2,100 देऊ असं म्हणाले होते, ते आले का? तिजोरीत सोय न करता दिलेलं वचन हे हक्क नसतं, आक्का. ती मर्जी असते, आणि मर्जी राखायला दर पाच वर्षांनी तुला रांगेत उभं राहावं लागेल.

मला वाटलं, इथं मुद्दा संपला. ती वहीत काहीतरी लिहीत होती. पेन खाली ठेवून ती म्हणाली :

आक्का : समज, तू म्हणते तसं केलं. पगारातून दोनशे कापले आणि पावतीवर लिहिलं, ‘लाडक्या बहिणीसाठी’. मग काय होईल? तो कापला गेलेला माणूस दर महिन्याले मले विचारणार, माह्या पैशाचं काय केलं? साडी काऊन घेतली? मोबाइल काऊन भरला? तुले देणाऱ्याचं नाव पायजे, कारण देणारा तुह्यासारखा हाय. कर्जाच्या ढिगात माहे पैसे लपले हायेत, म्हणूनच मी कोणाची मिंधी नाई.

मी : पण ते लपलेले पैसेही कोणीतरी देतंच आहे.

आक्का : देते ना. तेल, साबण, बियाणं, साऱ्यावर मीही देते. माह्या पावतीवर लिहिते का कोणी, की ही बाई समृद्धीचे पैसे फेडून राहिली?

मी : लिहायला हवं. दोघांचंही लिहायला हवं.

आक्का : तुह्या अर्थशास्त्रात दोघांचं लिहा म्हणतेत, पण सुरुवात सदा माह्यापासूनच होते.

या एका आक्षेपापाशी आम्ही चहा निवेपर्यंत अडकून राहिलो. मी म्हणालो, ज्याला आपण देतो आहोत हे माहीत असतं, तो पुढे देण्याची लाजही बाळगतो आणि अभिमानही. महाराष्ट्रानं व्यवसाय कर कुरकुरत का होईना पचवला. ती म्हणाली, तो मजुरीसाठी होता, घाम गाळल्यावर मिळणाऱ्या पैशासाठी. बाईच्या घरातल्या घामाला कोणी मजुरी मानत नाही, म्हणून तिच्या पैशाला भीक म्हणतात. दोन्ही आघाड्यांनी 2024 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकींशी चढाओढ केली, एकीनं 2,100 म्हटलं तर दुसरीनं 3,000. तेव्हा कमी देणाऱ्याला मत द्यायची सोय मतदाराला नव्हतीच, हे मी सांगितलं. ती म्हणाली, जास्त देणाऱ्याला मत देणं हा गुन्हा असेल, तर उद्योगाला सवलती मागणारे आधी पकड.

मग मी तो प्रसंग काढला ज्याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

मी : मे 2025. हप्ता भागवायला सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी वळवले. सामाजिक न्यायमंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. देणाऱ्याचं नाव लिहिलं नाही की काय होतं, ते हे. ज्याचा आवाज सर्वांत बारीक, त्याच्या ताटातून घेतलं जातं. त्या विभागांच्या वसतिगृहातल्या पोराला कोणी विचारलं नाही.

आक्का : सरकार म्हणालं, ते त्याच दलित-आदिवासी समाजाच्या बायकांले दिले.

मी : दीड हजार त्या बाईला योजनेतून मिळणारच होते, सगळ्यांसारखे. तिच्या वाट्याचं वेगळं राखलेलं तिलाच देऊन दोनदा मोजलं.

ती बराच वेळ गप्प राहिली.

आक्का : हे चूक हाय. आमच्या गटात एकीच्या बचतीतून दुसरीचं कर्ज भरलं, तर मी वही फेकून देईन. पण तरीबी बंद करा म्हणणार नाई मी.

मी : मीही बंद करा म्हणत नाही. मग ग्रामसभेत मांडूया? घरपट्टी थोडी वाढवा आणि तो पैसा अंगणवाडीच्या दुधाला नावानिशी लावा. देणारे आपण, घेणारी आपली नातवंडं. तू हात वर करशील?

आक्का : आधी ज्यांची घरपट्टी थकली हाय त्यांची नावं ग्रामसभेत वाचा. सारी, मोठ्या वाड्यांचीही. मग सांगते हात वर करू का नाई ते.

मी : आणि नावं वाचायला कोणी तयार झालं नाही तर?

आक्का : तर मंग मले देणाऱ्याचं नाव शिकवू नको.